कुत्र्याला औषध द्यायचं राहिलं

दाजी, तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि तुमच्या मरणाची पाच-सहा कारणं माझ्या कानावर आली. कुणी म्हणतं एडक्यानं टक्कर दिली, आतडं तुटलं. कुणी म्हणतं हार्ट. तुमच्या थोरल्या भावानं, आण्णानं, कुठल्या देवऋषाकडं जाऊन करणीचं काढलं आणि मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, वाघरीच्या, चारी कोपऱ्यांना लिंबं पुरली. एक पाहुणी तर आक्काच्या शेजारी फतकल मारून म्हणाली, "देवाला बी चांगलीच मानसं लागत्यात गं बया." मी तिथून उठलो. देवाला तुमची काय गरज पडली होती? शिव्या ऐकायची हौस आली होती का त्याला?

खरं कारण घाण आहे, म्हणून ते कुणाला नको असतं. जतच्या पूर्व भागात वीस वर्षं मोटारसायकलला जंताच्या औषधाची पेटी बांधून हिंडलेला माणूस म्हणून सांगतो. कुत्र्याच्या विष्ठेतलं एक अंडं, डोळ्यांना न दिसणारं, कधीतरी तुमच्या तोंडावाटे पोटात गेलं. ते तुमच्या काळजात, डॉक्टरी भाषेत यकृतात, जाऊन बसलं आणि त्याचा पाण्याचा फोड झाला. वर्षानुवर्षं तो वाढत राहिला. एडक्याच्या टकरीनं तो आतल्या आत फुटला आणि त्या पाण्याचं विष अंगभर भिनलं. झालं. त्यात करणी नाही, दृष्ट नाही, देव तर नाहीच नाही.

हे आक्काला सांगणं भाग होतं. ती माझी थोरली बहीण म्हणून नव्हे, आणि तुमची बायको म्हणूनही नव्हे. जे कुत्रं तुमच्या पायाशी झोपलं तेच तिच्या चुलीशी झोपलं, काजलच्या दप्तरावर झोपलं. मायलेकींच्या पोटात काय आहे हे सोनोग्राफी केल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि का करायची हे सांगितल्याशिवाय आक्का जागची हलणार नव्हती. तुमच्या दहाव्याला माझ्या तोंडाशी आलं. बाराव्याला आलं. मी गिळलं.

का गिळलं ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही होतात तोवर सांगितलं नाही, आता सांगतो. पण जरा दम धरा. तुम्हीच म्हणायचा, डागदर, तुला मुद्द्यावर यायला बस स्टँडला वळसा लागतो.

डॉक्टर मी नव्हतोच. डिप्लोमा केलेला, सुया टोचणारा, औषध पाजणारा. पण तुम्ही पहिल्या दिवसापासून डागदर म्हणालात. त्यात निम्मी टिंगल होती आणि निम्मा मान, आणि कुठलं निम्मं कधी चालू आहे ते मला कधी कळलं नाही. आक्काचं लग्न होऊन दोन पावसाळे झाले होते. तुमच्या मेंढरांच्या जबड्याखाली पाणी उतरलं होतं, डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफेक पडल्या होत्या आणि रोज एक-दोन मरत होती. तुम्ही त्यांना डाग देत होता. तापलेल्या विळ्यानं जबड्याखाली डाग! मी म्हणालो, दाजी, हे रक्त पिणारे जंत आहेत. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की जसं काय मीच ते आणून सोडले.

"जंत? ह्यांच्या अंगाला तर लागलंय मर्तुक. जंत म्हंजे लेकरास्नी हुत्यात त्ये."

मग मी नुकतंच मेलेलं एक मेंढरू घेतलं आणि तुमच्यासमोर फाडलं. चौथं पोट उघडून पालथं केलं. त्याच्या आतल्या कातडीला लाल-पांढरे दोरे चिकटले होते, केसाएवढे बारीक, शेकड्यानं, आणि वळवळत होते. मेंढरू मेलं होतं आणि ते जिवंत होते. वास असा की नाकातून दोन दिवस जात नाही. तुम्ही तोंडाला टॉवेल लावून बाजूला गेलात आणि बांधावर भडाभडा ओकलात. आक्का म्हणाली, तुम्ही त्या दिवशी भाकरीला शिवला नाहीत.

त्या दिवसापासून तुम्ही माझे झालात, दाजी. मेंढरांच्या सगळ्या वाड्याला औषध पाजलं. तुम्ही मेंढरू दोन गुडघ्यांत धरायचं, मी जबड्याच्या कडेनं नळी घालायची, औषध ओतायचं, घोट गेला की खुणेला काजळीचा ठिपका कपाळावर. जबड्याखालचं पाणी आठवडाभरात ओसरलं. आणि मग तुम्हाला चळ लागला. कुणाचंही मेंढरू मेलं की तुमचा फोन यायचा, "ये, फाडून दावायचं हाय." तुम्ही माणसं गोळा करायचा. म्हातारी-कोतारी, औषधाला पैसे नाहीत म्हणणारी, डागच बरा म्हणणारी. सगळ्यांना उकिडवी बसवायचा आणि मला म्हणायचा, "डागदर, दाव ह्यास्नी." मी पोट उघडायचो. कुणीतरी ओकायचंच. तुम्ही हसायचा आणि म्हणायचा, "आता घेतोस का न्हाई औषध?" चार-पाच गावांतल्या मेंढरांना वर्षातून दोनदा औषध मिळायला लागलं ते माझ्या शिक्षणामुळं नाही. तुम्ही लोकांना किळस दाखवलीत म्हणून मिळालं. हे तुमचे उपकार मी मान्य करतो. तुम्ही असताना मान्य केले नाहीत, तेही मान्य करतो.

आता ऐका.

त्या फाडलेल्या मेंढरांत, दर तीन-चारांत एकाचं काळीज फोडांनी भरलेलं असायचं. पांढरे, ताठ, आत निवळ पाणी. बोटानं दाबलं तर टणक लागायचे. तो भाग माणसानं खायचा नाही हे लहान पोरालाही ठाऊक. आणि तो कुणाचा, हेही ठाऊक. आपल्यात मेंढरू कापलं, मेलं, काहीही झालं, तरी खराब भाग राखणीचा. कुत्र्याचा वाटा. तो आधी द्यायचा, मग माणसांनी पुढचं बघायचं. माझ्या आज्यानं तसंच केलं, माझ्या बापानं तसंच केलं. तुमचं कुत्रं तिथं बसलेलंच असायचं, जीभ काढून. पहिलं मेलं, दुसरं आलं, तिसरं आलं, सगळ्यांचं नाव तुम्ही खंड्याच ठेवलंत. मी ते फोडांचं काळीज कापायचो आणि खंड्याकडं टाकायचो. तो हवेत झेलायचा आणि लोक म्हणायचे, वा.

मला माहीत होतं, दाजी.

हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी आपणहून सांगावंसं वाटतंय आणि ऐकणारा मेलाय. त्या फोडांत कुत्र्याच्या पट्टकृमीची पिल्लं असतात. कुत्र्यानं काळीज खाल्लं की ती कुत्र्याच्या आतड्यात मोठी होतात, अंडी घालतात. ती विष्ठेतून चाऱ्यावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर, तिथून मेंढराच्या पोटात, नाहीतर माणसाच्या. हे मला डिप्लोम्याला शिकवलं होतं. परीक्षेत प्रश्न आला होता, मी आकृती काढून उत्तर लिहिलं होतं, बाण दाखवून. कुत्रं, मेंढरू, माणूस. पास झालो. आणि मग गावात येऊन वीस वर्षं तोच बाण माझ्या हातानं फिरवत राहिलो. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच म्हणतात. शिकलेल्या माणसाच्या हाताचं त्याहून वाईट. डोकं शिकतं, हात बापाचाच राहतो. मला रात्रंदिवस स्वतःच्या या उजव्या हाताची शिसारी येते. जेवताना येते. जेवतोच, पण येते.

मी सांगायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. पण अर्धवट केला. खंड्याला गोळ्या देऊया म्हणालो, का ते नीट सांगितलं नाही. नीट सांगायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं. मी नुसतं म्हणालो, "दाजी, मेंढरांना देताय तसं कुत्र्याला बी औषध द्या."

तुम्ही म्हणालात, "त्येनं काय केलंय? चोर सोडून संन्याशाला फाशी."

"त्याच्या पोटात बी जंत असत्यात."

"असू द्यात की. जंत हाय म्हनून भूक हाय. भूक हाय म्हनून जागं ऱ्हातंय. जंत मारलं की त्ये घोरतंय बघ."

हा तुमचा सिद्धांत. तुमचा एकट्याचा नाही, मी हिंडलो त्या प्रत्येक वाड्यावर ऐकला. औषध दिलेल्या कुत्र्याचं नाक मरतं, राखण मरते. मी एकदा तुम्हाला न विचारता मधल्या खंड्याला भाकरीच्या तुकड्यात गोळी घातली, आणि माझं नशीब असं की त्याच आठवड्यात लांडग्यानं दोन कोकरं नेली. आक्कानं भोळेपणानं तुम्हाला सांगून टाकलं की तानाजीनं काहीतरी खायला घातलं होतं. तुम्ही माझ्या दारात येऊन उभं राहिलात. शिव्या दिल्या त्या सोडा, शिव्या तुमच्या तोंडातून पान खाल्ल्यासारख्या यायच्या. पण तुम्ही म्हणालात, "पुन्यांदा माझ्या कुत्र्याला हात लावलास तर तुझी पेटी हिरीत टाकीन." आणि महिनाभर बोलला नाहीत. मला ते बोलणं लागलं आणि सुटकाही वाटली. बरं झालं, म्हटलं, आता तुमच्या हट्टावर ढकलता येईल. तेव्हापासून मी ते तुमच्या हट्टावर ढकलत आलो.

तुमचं चुकलंच, दाजी. मेल्यावर माणसाला चुकलं म्हणू नये म्हणतात. मी म्हणतो. मेंढराच्या पोटातला दोरा बघून तुम्ही ओकलात आणि कुत्र्यानं चाटलेल्या तांब्यातून ताक प्यालात. मी किती वेळा बघितलं. खंड्या तांब्यात तोंड घालायचा, तुम्ही त्याला ढकलायचा, म्हणायचा, "सर की रं गड्या," आणि उरलेलं घटाघटा प्यायचा. तेव्हा हातातून तांब्या काढून घेतला असता तर तुम्ही चार शिव्या दिल्या असत्या. शिव्याच ना?

मग गेल्या वर्षी तुम्हाला बरगडीखाली दुखायला लागलं. तुम्ही आधी ओवा खाल्लात, मग सोडा, मग आण्णाच्या देवऋषाचा अंगारा. शेवटी मी तुम्हाला सांगलीला नेलं. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं आणि एका जागी थांबले. पडद्यावर काळं गोल दिसत होतं. मी तसले गोल किती बघितले होते. हातात धरले होते. डॉक्टरांनी विचारलं, "घरी मेंढ्या आहेत का? आणि कुत्रं?"

तुम्ही खुशीत सांगितलंत, "दोनी बी हाईत, साहेब. आवं, आमचं कुत्रं एक नंबर हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं बघितलं.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी तुम्हाला सांगितलं की काळजात पाण्याची गाठ आहे, ऑपरेशन लागेल, आणि ती कुत्र्यामुळं होते. तुम्ही बशीतला चहा फुर्र करून ओढलात. "कुत्र्याचं जंत माझ्या काळजात? बिडो रं." बिडो म्हणजे सोड. तुमच्या आजोळची कानडी, वाद आवडला नाही की तुम्ही ती काढायचा. मी दामटून सांगितलं, आकृती काढून दाखवली, गाड्यावरच्या वर्तमानपत्राच्या कागदावर. कुत्रं, मेंढरू, माणूस. कुत्र्याच्या पोटात ते कुठून येतं, तिथं मात्र बाण काढला नाही. तुम्ही विचारलंही नाहीत.

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी घ्यायला गोळ्या दिल्या होत्या. तुम्ही पाकीट उलटंसुलटं केलंत. इंग्रजी अक्षरं तुम्हाला वाचता येत नव्हती, पण मेंढरांच्या औषधाच्या नावाचा आकार डोळ्यांत बसला होता. "आरं, ह्ये तर आपल्या मेंढराचं औषध. मला मेंढरू केलं व्हय रं?" आणि मग गाड्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "आता गुडघ्यात धर आन् पाज. कपाळाला ठिपका बी लाव." चहावाला हसला. मीही हसलो. त्या हसण्याचीही आता मला किळस येते.

तुम्ही गोळ्या दोन आठवडे घेतल्यात, बरं वाटायला लागलं म्हणून सोडल्यात. ऑपरेशन म्हणालात कृष्णाकाठाहून मेंढरं माघारी आल्यावर. आणि आक्काला सांगायचं नाही म्हणून माझा हात तुमच्या डोक्यावर ठेवून घेतलात. "ती रडत बसंल. आन् खंड्याला हाकलून लावंल." तुम्हाला त्याची काळजी जास्त होती. मी कबूल झालो. मला ते सोयीचंच होतं.

मेंढरं माघारी आली. पावसाच्या तोंडावरचा डोस द्यायचा होता. मी म्हणालो, "दाजी, तुमी धरू नगा. मी दुसरं मानूस आणतो." तुम्ही म्हणालात, "शंभर मेंढरं दुसऱ्याला धरू दे. एडका माझ्याबिगर कुनाला आवरतोय?" दुपारपर्यंत सगळी मेंढरं झाली. एडका शेवटी राहिला. तुम्ही त्याची शिंगं धरलीत, मी डोसाची गन त्याच्या तोंडात घातली, त्याला औषधाचा वास आला आणि त्यानं मान खाली घालून मुसंडी मारली. बरोब्बर बरगडीखाली. तुम्ही खाली बसलात आणि त्याला एक कचकचीत शिवी दिलीत. आम्ही हसलो. मग तुम्ही मनगट खाजवायला लागलात.

पाच मिनिटांत अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या. ओठ सुजले. आण्णा म्हणाला, "पित्त खवाळलंय, आमसुलाचं पानी द्या." मला कळलं होतं. जनावरांच्या पेटीतलं ॲलर्जीचं इंजेक्शन मी तुम्हाला टोचलं. ते पुरलं नाही. पिकअपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मिरजेच्या अलीकडं तो वाजायचा थांबला. तुम्ही शेवटी काही बोलला नाहीत. लोक विचारतात, शेवटचं काय बोलले? काही नाही. एडक्याला शिवी दिली, तेच शेवटचं.

मग तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी तिखटाचं जेवण. आण्णानं तुमच्याच कळपातलं एक मेंढरू काढलं. मी पाहुण्यांत बसलो होतो. बसलो होतो म्हणजे कुणाच्या तोंडाकडं न बघता बसलो होतो. एडक्याची टक्कर खाऊन तुम्ही खाली बसलात त्या जागेपासून वीस पावलांवर मेंढरू सोललं जात होतं, बाया कांदा चिरत होत्या, माणसं तंबाखू मळत पावसाच्या गप्पा मारत होती. आण्णानं पोटातून काळीज ओढून काढलं. एका बाजूला चार फोड होते, द्राक्षांएवढे. त्यानं तेवढा भाग कापला, हातात झुलवला आणि हाक मारली, "खंड्याऽ, यूऽ यूऽ."

मी कधी उठलो ते मला कळलं नाही. मी त्याचं मनगट धरलं होतं.

"टाकू नगा."

"का रं?"

"टाकू नगा म्हंतो न्हवं? दाजी ह्येनंच मेलं."

कांदा चिरायचा थांबला. मी सांगितलं. सगळं नाही, पण फोड, कुत्रं, अंडी, गाठ, सोनोग्राफी, सगळ्यांसमोर, ओरडून. मधेच मला ओकारी आली, मी तोंड पुसलं आणि पुढं सांगितलं. आण्णा म्हणाला, "काय बी बोलतूस. चावल्याबिगर कुत्र्यानं मानूस मरतंय व्हय? तुजं डोस्कं फिरलंय." एकजण म्हणाला, आजच्या दिवशी कशाला हे. काजल चुलीपाशी खंड्याशेजारी बसली होती. तिनं खंड्याच्या गळ्यात घातलेला हात काढून घेतला आणि पदराला नव्हे, भिंतीला पुसला. बारावीला सायन्स आहे तिला. तिला लगेच कळलं.

आक्का परात घेऊन उभी होती. ती रडत नव्हती. तिनं परात खाली ठेवली आणि म्हणाली, "पर तानाजी, तूच टाकत हुतास की."

मी आण्णाचं मनगट सोडलं.

"ईस वर्सं. हितंच. तू फाडायचास, समद्यांना दावायचास, आन् टाकायचास. मी बघितलंय. परात मीच धरायची."

"व्हय."

"तुला म्हाईत हुतं?"

दाजी, तिथं मी नाही म्हणू शकलो असतो. मला तेव्हा कळलं नव्हतं, गेल्या वर्षीच डॉक्टरांनी सांगितलं, असं म्हणून सुटलो असतो. कुणाला शंका आली नसती. बाजूला आण्णा तर माझं डोकं फिरलंय म्हणायला तयारच होता.

"म्हाईत हुतं," मी म्हणालो.

आक्का माझ्या हाताकडं बघत राहिली. तोंडाकडं नाही, हाताकडं. मग म्हणाली, "मला किळस येती तुजी." आणि आत गेली. त्या दिवशी जेवण झालं नाही. मी ते काळीज रॉकेल ओतून जाळलं. खंड्याला गोळ्या दिल्या, त्याला तीन दिवस साखळीला बांधलं, त्याची घाण खड्ड्यात जाळली. कुणी अडवलं नाही. तो अजून भुंकतो, दाजी. राखण काही मेली नाही.

आक्का सोनोग्राफीला येणार नाही असं मला वाटलं होतं. काजलनं तिला आणलं. मी वेगळ्या गाडीनं गेलो, कारण आक्का माझ्या मागं बसायला तयार नव्हती. काजल स्वच्छ निघाली. फुफ्फुसाचा फोटोही स्वच्छ. ती बाहेर आली आणि माझ्यासमोर नुसती मान हलवली, तेव्हा मी तिथं बाकावर पहिल्यांदा रडलो. तुमच्या मयतीला रडलो नव्हतो. मग आक्का आत गेली. डॉक्टर एका जागी थांबले.

लिंबाएवढी आहे. काळजात, कडेला. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडली, गोळ्यांनी आक्रसेल, नाहीतर ऑपरेशन करू. मात्र गोळी एकही दिवस चुकता कामा नये, मधे थांबायचं तेव्हा मी सांगेन, रुग्णानं ठरवायचं नाही. मी मान हलवली. आक्कानं विचारलं, "ह्यास्नी बी असंच सांगितलं हुतं?" डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी हो म्हणालो. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्ये बी तुला म्हाईत हुतं."

ते मान्य करण्यापलीकडं माझ्याजवळ काही नाही, दाजी. तुम्ही असता तर तिला समजावलं असतंत. किंवा नसतं. तुम्हीही मला पेटीसकट विहिरीत टाकलं असतंत, आणि बरोबर केलं असतंत. मला हे कळायला हवं होतं की तुम्ही रागावाल एवढंच होणार होतं. तुमचा राग मी महिनाभर सोसलाच होता ना एकदा? मला राग सोसवत होता. लाज सोसवली नसती. भरल्या गर्दीत डागदर म्हणवून घेणाऱ्या माणसाला, ते काळीज टाकू नका हे सांगताना कालपर्यंत मीच टाकत होतो हे सांगावं लागलं असतं. तेवढ्यासाठी तुम्ही गेलात.

आता मी रोज सकाळी आक्काकडं जातो. सोळा किलोमीटर. ती तुमच्यासारखी अर्ध्यात सोडेल याची मला धास्ती आहे, म्हणून गोळी माझ्यासमोर घ्यायला लावतो. ती माझ्या हातून घेत नाही. "ठ्येव तितं," म्हणते, आणि उंबऱ्याकडं बोट करते. मी पाकीट उंबऱ्यावर ठेवतो आणि अंगणात मागं सरून उभा राहतो. ती साबणानं हात धुते, मनगटापर्यंत, नखांतून, मला दिसेल असे धुते. मग पाकीट उचलते, गोळी काढते, आणि पाकिटाला लागलेला हात पुन्हा धुते. धुवायलाच हवेत.

तुम्हाला मात्र माझी कधी किळस आली नाही. त्या शेवटच्या दुपारी, एडका धरायच्या आधी, आपण भाकरी खाल्ली. माझे हात औषधानं, लेंड्यांनी भरलेले होते आणि पाणी लांब होतं. मी म्हणालो, तुमी खावा, मी मागनं खातो. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात, ठेचा लावलात आणि माझ्या हातात दिलात. मग माझ्याच हातातला अर्धा मोडून घेतलात आणि खाल्लात.